दोन जिवांची बाई आणि सहल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी काही बोलावे अशी आज्ञा मला झाली. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. स्वयंपाकघरात ताटे वाढता वाढता जितके बोलता येते तितकेच मला येते. तेव्हा जे माझ्या स्वतःवर गुदरले तेच सांगावे, म्हणजे चुकण्याची भीती नाही, असा विचार करून मी उभी राहिले आहे. माझा विषय लहानसा आहे. घरात दोन वर्षांचे लेकरू आहे, पाठचे पोटात आहे, आणि अशा वेळी घरची मंडळी बागेत, पाळण्यांच्या मेळ्यात किंवा मोठ्या करमणूक-उद्यानात सहलीला निघाली आहेत. त्या बाईने जावे की न जावे? आणि गेली तर कशी जावी?

मागे बसलेल्या पुरुष मंडळींनाही माझी विनंती आहे की, हा बायकांचा विषय म्हणून उठून जाऊ नका. यातला अर्धा भाग तुमच्यासाठीच आहे.

गोष्ट २००८ सालच्या जानेवारीतली. माझी मोठी मुलगी सव्वादोन वर्षांची होती आणि मला साडेपाच महिने झाले होते. शेगावला श्रीगजानन महाराज संस्थानचे आनंदसागर हे उद्यान त्या वेळी सर्वांच्या तोंडी होते. कधी काळी माळरान असलेल्या जागेवर केवढे तळे, तळ्यात बेट, बेटावर ध्यानमंदिर, झाडी, कारंजी, लहान मुलांचे खेळ आणि बागेतून फिरणारी छोटी आगगाडी! जो जाऊन येई तो दहा जणांना सांगे. आमच्याही घरी बेत ठरला. सासूबाई, थोरले भाऊजी, जाऊबाई, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा, आमचे हे, मी आणि मुलगी असे सगळे भाड्याच्या जीपने मालेगाव, पातूर, बाळापूर या वाटेने निघालो.

मी जावे की नाही याची घरात चर्चा झाली. शेजारच्या एका आजींनी तर स्पष्टच सांगितले की, पोटुशी बाईने घरी बसावे. पण सासूबाईंनी मला नेले. त्यांचे ते करणे योग्यच होते असे मी आजही म्हणते. गरोदर बाई काही आजारी नसते. पाठचे लेकरू झाल्यावर दोन-तीन वर्षे तिला उंबरा ओलांडणे कठीण. मग तिने एक दिवस हिरवळ पाहिली तर कोणाचे बिघडते?

आणि भगिनींनो, आपली जुनी रीत आठवून पाहा. डोहाळजेवण आपण कोठे करतो? कोणी झोपाळ्यावर करतात, कोणी बागेत, कोणी नावेत, तर कोणी चांदण्यात. म्हणजे गर्भारशीला बागेत न्यावे, झोपाळ्यावर बसवावे, पाण्यावर फिरवावे, हे आपल्या आजी-पणजींनीच घालून दिले आहे. आजच्या करमणूक-उद्यानात तरी याहून निराळे काय असते? बाग, झोपाळा आणि नावच. मग फरक कोठे पडला? तोच मला त्या दिवशी समजला.

समाधीचे दर्शन झाले, महाप्रसाद झाला आणि दुपारी आम्ही आनंदसागरात शिरलो. माझी मुलगी सकाळपासून माझ्या अंगाला चिकटलेली. पाठचे येणार असले की पहिल्या लेकराला कसे कळते कोण जाणे, पण ते आईला अधिकच बिलगते. बापाकडे दिली की रडे, आजीकडे दिली की पाय झाडी. सासूबाई म्हणाल्या, "अवं, ते पोरगी कोनापाशी जातच नाही तर. घे तिले तूच." मी घेतली. त्यात त्यांचा कठोरपणा नव्हता. घरोघरी आपण हेच म्हणत असतो.

दोन वर्षांचे लेकरू अकरा-बारा किलोचे भरते. म्हणजे पाण्याची भरली घागरच समजा. भरली घागर गर्भारशीच्या डोक्यावर देताना आपण दहादा विचार करतो. परंतु तेवढ्याच वजनाचे लेकरू तिच्या कडेवर दिवसभर असते, ते कोणाला वजन वाटतच नाही, कारण ते तिचेच आहे! तिला स्वतःलाही वाटत नाही. मला कमरेत दुपारीच कळ येत होती, पोट दगडासारखे घट्ट होऊन सैल पडत होते. पण मी बोलले नाही. सगळे आनंदात असताना "मी थकले" म्हणणे आपल्याला अपशकुनासारखे वाटते. शिवाय तिथे शौचकूप कोठे आहे ते विचारण्याची लाज, म्हणून मी सकाळपासून पाणीही घोट घोटच प्याले होते. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

संध्याकाळी आगगाडीत बसायचे म्हणून सर्वांनी पावले उचलली. जाऊबाईंचा मुलगा पुढे पळाला. त्याच्यामागे जाण्यासाठी माझ्या मुलीने कडेवरून खाली उतरण्याचा हट्ट धरला आणि उतरताच माझे बोट सोडून ती गर्दीत धावली. मी काही विचार न करता तिच्यामागे धावले. दहा पावले गेले असेन नसेन, एका पायरीवर पाय मुडपला आणि मी गुडघ्यांवर आणि मग डाव्या कुशीवर पडले.

मुलगी लगेच सापडली. भाऊजींनी तिला उचलले. मलाही लोकांनी बसते केले. संस्थानच्या एका सेवाधाऱ्याने खुर्ची आणि पाणी आणून दिले. गुडघे खरचटले होते, बाकी जखम नव्हती. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावले. मीही तेच म्हटले. पण पोटातली हालचाल मला जाणवेना. एक घटका गेली, दुसरी गेली. आगगाडीची शिटी वाजली, मुले हसत बसली होती, आणि मी पोटावर हात ठेवून वाट पाहत होते. भगिनींनो, ती वाट पाहणे ज्या बाईने केले असेल तिलाच ते कळेल.

शेवटी मी सासूबाईंना सांगितले. त्या उठल्या आणि कोणाचे न ऐकता मला गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेल्या. तेथे डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावले आणि बाळाच्या छातीचे ठोके मला ऐकवले. घोडा दौडावा तसा तो आवाज होता. सासूबाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाल्या, "माय वं, मीच म्हनलं होतं, घे तिले म्हनून." त्या रात्री आम्हाला तेथेच ठेवून घेतले. सकाळी सर्व ठीक आहे असे सांगून सोडले. तो मुलगा मे महिन्यात सुखरूप जन्मला. आज तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

डॉक्टरीणबाईंनी त्या रात्री ज्या गोष्टी समजावल्या त्या मी पुढे आशाताईंकडून आणि परिचारिकाबाईंकडून पुन्हा पक्क्या करून घेतल्या. त्या आता सांगते.

पहिली गोष्ट, गरोदर बाई पडते का? पोट पुढे आल्याने तोल बदलतो, सांधे सैल पडतात आणि स्वतःची पावले स्वतःला दिसत नाहीत. त्यात कडेवर लेकरू असले की शरीर एका बाजूला कलते. म्हणून तिने धावू नये, सपाट चप्पल घालावी आणि पायऱ्यांवर हात धरायला कोणीतरी असावे.

दुसरी, पडल्यावर बाहेर जखम नाही म्हणून निश्चिंत राहू नये. गर्भाशय ताणले जाते, पण आत चिकटलेली वार तशी ताणत नाही. जोराचा हिसका बसला तर वार आपल्या जागेवरून सुटू शकते, आणि कधी कधी रक्त आतच साचून बाहेर दिसतही नाही. म्हणून पोटाला मार बसल्यावर दवाखान्यात जाऊन निदान चार तास तरी देखरेखीखाली राहावे. अंगावर रक्त किंवा पाणी जाणे, पोटात थांबून थांबून कळा येणे, बाळाची हालचाल कमी होणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर सहल तिथेच संपली असे समजावे. ज्या बाईचा रक्तगट निगेटिव्ह आहे तिला अशा वेळी ७२ तासांच्या आत एक विशेष इंजेक्शन द्यावे लागते. त्यासाठी आपला रक्तगट माहीत हवा. सरकारी दवाखान्यातून मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड कपाटात न ठेवता पिशवीत ठेवावे. परगावी आपल्याला कोणी ओळखत नाही, तेथे ते कार्डच आपली ओळख सांगते.

तिसरी गोष्ट पाळण्यांची. वेगाने फिरणारे, उंचावरून खाली पडणारे, एकदम थांबणारे, धक्के देणारे सर्व पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या गर्भारशीने वर्ज्य समजाव्यात. कारण तेच, वारेला बसणारा हिसका. शिवाय छातीपोटावर जो लोखंडी दांडा आवळतात त्याचा दाब. मोठ्या उद्यानांत असे फलक लावलेले असतात. जत्रेतल्या आकाशपाळण्याजवळ फलक नसेलही, पण नियम तोच. "एकदा बसून पाहा, काही होत नाही," असे म्हणणारी मैत्रीण भेटतेच. तिला नमस्कार करावा आणि बाकावर बसावे.

चौथी, काळवेळ. चौथ्या महिन्यापासून सातवा लागेपर्यंतचा काळ बहुतेकींना सोसतो. आधीच्या महिन्यांत ओकाऱ्या असतात आणि नंतर देह जड होतो. पण ज्यांना अंगावर जात आहे, वार खाली आहे असे सांगितले आहे, रक्तदाब वाढला आहे किंवा रक्त फार कमी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. रक्त कमी असणे ही आपल्यात दुर्मीळ गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी शेकडा ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या सभागृहातल्या दोघी गर्भार असल्या तर त्यांतली एक तशी निघावी. अशी बाई उन्हात रांगेत उभी राहिली की तिला भोवळ येते. आणि आपले वऱ्हाडातले ऊन काय सांगावे! पोहरादेवीची रामनवमीची यात्रा ऐन चैत्रात भरते. तेथे जायचेच तर सकाळच्या प्रहरी जावे, दुपारी सावली धरावी. हौसेच्या सहली मात्र दिवाळीनंतर, थंडीतच कराव्यात.

पाण्याची बाटली प्रत्येकीची स्वतंत्र असावी. लघवी कोंडून ठेवू नये, त्याने विकार जडतो. उद्यानात शिरल्याबरोबर शौचकूप कोठे आहे ते घरच्या पुरुषाने विचारून घ्यावे. त्यात लाज ती कसली?

आता प्रवास. आपल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पुरा झाला. पूर्वी जे नागपूर, नाशिक आपल्याला दूर वाटे, ते आता सकाळी निघून गाठता येते. म्हणूनच हा विषय मला आज बोलावासा वाटला. रस्ता सरळ म्हणून गाडी तासन्‌तास थांबत नाही आणि बाई पाय मुडपून बसून राहते. गरोदरपणात त्याने पाय सुजतात, रक्ताची गाठही होऊ शकते. दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. गाडीचा पट्टा बांधावा, पण खालचा भाग पोटावरून न घेता पोटाखालून मांड्यांलगत घ्यावा. लेकराला मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसू नये. अडचण आली तर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांना पाठ असावा.

पण हे सारे पाळूनही मुख्य गोष्ट राहिली तर काही उपयोग नाही. ती मुख्य गोष्ट म्हणजे कडेवरचे लेकरू. माझे पडणे आगगाडीपाशी झाले खरे, पण त्याची सुरुवात सकाळी घरातच झाली होती. मुलगी कोणाकडे जात नव्हती, कारण आम्ही तिला कोणाकडे जायची सवयच लावली नव्हती.

याचा पडताळा मला २०२३ सालच्या डिसेंबरात आला. आगगाडीकडे पुढे पळालेला जाऊबाईंचा तो मुलगा आता पुण्यास नोकरीला आहे. त्याला दोन वर्षांचा मुलगा होता आणि सूनबाईंना पाचवा महिना होता. खोपोलीजवळ इमॅजिका नावाचे जे मोठे करमणूक-उद्यान २०१३ साली सुरू झाले, तेथे जाण्याचा त्यांचा बेत होता. त्याने महिनाभर आधी मला फोन केला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही शेगावला पडल्या होत्या ते मला अजून आठवते. मी पुढे पळालो नसतो तर तुम्ही पडल्या नसत्या. आता हिला न्यायचे तर कसे न्यावे ते सांगा, नाहीतर तुम्हीच सोबत चला."

पंधरा वर्षे त्या लेकराने हे मनात ठेवले होते, आणि मला ठाऊकही नव्हते! मी त्याला म्हटले, "बाळा, दोष तुझा नव्हता. बारा वर्षांच्या पोराने पळायचेच असते. पण आता एक कर. आजपासून मुलाला भरवणे, न्हाऊ घालणे आणि निजवणे तुझ्याकडे घे." पहिले चार दिवस मुलगा रडला. पंधरा दिवसांनी तो बापाच्या कुशीत झोपू लागला. सूनबाईंनी डॉक्टरांना विचारून घेतले, आणि मी पुण्यास गेले.

त्या दिवशी मुलाला बापाने घेतले, तो दमला की मी. मुलाच्या खिशात फोनचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती आणि निघतानाचा त्याचा फोटो आमच्या फोनमध्ये होता. चुकामूक झाली तर कोणत्या दारापाशी भेटायचे हेही ठरवले होते. सूनबाईंच्या हाती फक्त पाण्याची बाटली. सावलीत बसून ती पाळण्यांकडे पाहत होती, वाटेल तेव्हा हळूहळू फिरत होती, लेकराला हात हलवून हसत होती. उचलायचे नाही, पण ती बसली की लेकरू तिच्या मांडीत येत होते. तिचे लेकरू तिच्यापासून तोडले नव्हते, फक्त त्याचे ओझे उतरवले होते. तिच्या आग्रहाने मी एका पाळण्यात बसले आणि तो वर जाताच डोळे गच्च मिटून गजानन महाराजांचा धावा केला. खाली आले तर सूनबाई पदराने डोळे पुसत होती, इतकी ती हसली होती. मला वाटले, डोहाळे पुरवणे ते हेच.

संध्याकाळी पुतण्या म्हणाला, "काकू, खांदे भरून आले हो!" मी म्हटले, "एकाच दिवसात? ती तर रोज घेते." तो काही बोलला नाही. पण परतीच्या वाटेवर मुलगा पुन्हा त्यानेच घेतला.

तर भगिनींनो, माझ्या आजींच्या काळच्या झोपाळ्यात आणि आजच्या उद्यानात फरक कोठे पडला हे आता सांगते. डोहाळजेवणात गर्भारशी बसलेली असते आणि बाकीच्या उभ्या असतात. हलका झोका दुसऱ्या देतात, लेकरू दुसऱ्या सांभाळतात. सहलीत मात्र बाकीचे झोक्यावर बसतात आणि ती सर्वांच्या पिशव्या नि लेकरू घेऊन खाली उभी असते. एवढे उलटे झालेले सुलटे केले की झाले. तिला घरी बसवू नका. बरोबर न्या, आणि तेथे बसवा.

जाता जाता मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपली दर वर्षी सहल निघते. तीत ज्या गर्भार असतील, ज्यांची लेकरे अंगावर असतील, त्या "आम्हाला नाही जमत" म्हणून नाव देत नाहीत, आणि आपणही आग्रह करीत नाही. यंदापासून सहलीत आळीपाळीने दोघीजणी लेकरांच्या पाळीवर असाव्यात. तासाला पाळी बदलावी, म्हणजे कोणाचीच सहल बुडत नाही. पहिली पाळी मी घेते. आणि शेगावला जायचे ठरले तर, आनंदसागर मध्यंतरी बंद होते म्हणून, तेथे काय काय सुरू आहे याची आधी चौकशी करून निघू. दर्शन तर आहेच.